कोपऱ्यातलं बटण

मराठी माणूस समीक्षा कशाची करत नाही? लग्नाच्या पंगतीला बसला की पहिल्या घोटाला मठ्ठ्याची करतो, कीर्तनाला गेला की बुवांच्या आवाजाची करतो, आणि कुणाच्या घरी सांत्वनाला गेला तरी परतीच्या वाटेवर तिथल्या चहाची करतो. पुस्तकं, नाटकं, सिनेमे ही तर हक्काची गिऱ्हाइकं. पण ज्या पडद्याकडं आपण गेली वीस-पंचवीस वर्षं ऑफिसात, पतपेढीत, तिकिटाच्या खिडकीमागं रोज आठ-आठ तास डोळे लावून बसलो आहोत, त्या कॉम्प्युटरच्या पडद्याची समीक्षा मात्र आपण आजवर फक्त शिव्यांतून केली. शिवी हा समीक्षेचा सर्वांत संक्षिप्त प्रकार आहे हे मला मान्य आहे. पण तीत कारणमीमांसा राहून जाते. ती उणीव भरून काढण्याचा हा एक नम्र प्रयत्न.

आता कुणी म्हणेल, पडदा ही काय समीक्षेची वस्तू आहे? मी म्हणतो, नाटकापेक्षा जास्त आहे. नाटक नाही आवडलं तर मध्यंतरात बटाटेवडा खाऊन घरी जाता येतं. पुस्तक नाही आवडलं तर ते कुणाच्या तरी वाढदिवसाला देऊन टाकता येतं. पण विंडोजची मांडणी नाही आवडली तर उठून जाणार कुठं? पगार तिथंच आहे. शिवाय हे असलं नाटक, की यात काम प्रेक्षकानंच करायचं असतं. आणि दर चार-सहा वर्षांनी पडदा वर जातो तेव्हा डावीकडचं दार मध्यभागी गेलेलं असतं, खुर्ची नाहीशी झालेली असते आणि प्रॉम्प्टर नोकरी सोडून गेलेला असतो.

मांडणी म्हणजे काय, ते मी आमच्या म्हसवडच्या भाषेत सांगतो. स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा असतो. त्यात मोहरी कुठल्या वाटीत, हळद कुठल्या, तिखट कुठल्या, हे घरच्या बाईला कुणी विचारू नये. रात्री वीज गेली (आमच्याकडं ती जाते) तरी अंधारात तिचा हात बरोबर मोहरीतच पडतो. ही विद्या डोक्यात नसते, बोटांत असते. एखाद्या दिवशी नव्या सूनबाईंनी, अगदी चांगल्या हेतूनं, सगळे डबे नव्यानं लावले, की सासूबाई स्वतःच्याच स्वयंपाकघरात पाहुण्या होतात. सून म्हणते, "किती सुटसुटीत झालं बघा, आत्याबाई." सासूबाई म्हणतात, "झालं गं बाई सुटसुटीत. पर मीठ कुटं हाय?"

विंडोजच्या गेल्या तीस वर्षांचा इतिहास या दोन वाक्यांत आला. बाकीचं सगळं तपशील आहे. पण तपशीलाशिवाय समीक्षकाचं पोट भरत नाही, म्हणून तो आता सांगतो.

२४ ऑगस्ट १९९५ या दिवशी विंडोज ९५ बाजारात आली. परदेशात त्यासाठी लोकांनी मध्यरात्री दुकानांपुढं रांगा लावल्या होत्या. आमच्या पिढीला रांग म्हटलं की रॉकेल आठवतं, त्यामुळं कॉम्प्युटरच्या तबकडीसाठी कुणी रांग लावेल हे पटायला वेळ लागला. कॉम्प्युटर सुरू होताना जे सहा सेकंदांचं गंभीर संगीत वाजायचं, ते ब्रायन ईनो नावाच्या मोठ्या संगीतकाराकडून करून घेतलं होतं. आणि त्या गृहस्थानं पुढं सांगून टाकलं, की ते आपण मॅक या प्रतिस्पर्धी कॉम्प्युटरवर तयार केलं. म्हणजे चहाच्या कंपनीची जाहिरात कॉफी पीत पीत लिहावी, तसं.

पण पंच्याण्णवच्या मांडणीबद्दल मला मनापासून चांगलं बोलायचं आहे. ती करताना कंपनीनं एक फार साधी गोष्ट केली होती. नवख्या माणसांना कॉम्प्युटरपुढं बसवलं आणि ती कुठं अडतात ते पाहिलं. कळलं असं, की माणसं अगदी पहिल्या पायरीवरच अडतात: सुरुवात करायची कुठून? डबल क्लिकचं तर विचारूच नका. ('दोनदा दाबा, पण एकदाच' हे वाक्य ज्यानं म्हणून कुणाला समजावून सांगितलं असेल, त्याला मास्तरकीचं पेन्शन द्यायला हरकत नाही.) तेव्हा त्यांनी खाली डाव्या कोपऱ्यात एक बटण बसवलं. आधी त्यावर 'सिस्टीम' असं लिहून पाहिलं. ते कुणी दाबेना. मग 'स्टार्ट' लिहिलं. तरी खात्री वाटेना, म्हणून एक बाण सोडला. तो सरकत सरकत येऊन बटणाला टेकायचा आणि सांगायचा, बाबा रे, सुरुवात इथून. पंढरपूरच्या वाटेवर पाटी असावी, तसा.

या बटणावर जगभर एक विनोद झाला. कॉम्प्युटर बंद करायचा असला तरी आधी 'स्टार्ट'च दाबावं लागायचं. साहेबाला यात विसंगती दिसली. आम्हा मराठी माणसांना काही दिसली नाही. आम्ही निघताना 'येतो' म्हणतो, आणि दुकान बंद करायचं असेल तर 'वाढवतो'. कॉम्प्युटर बंद करायला 'सुरू' दाबायचं, यात वेगळं ते काय? उलट पहिल्यांदाच एक यंत्र आपल्यासारखं सभ्य बोललं.

आमच्याकडं, म्हणजे साताऱ्याहून पंढरपूरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गावात, कॉम्प्युटर खऱ्या अर्थानं शिरला तो या शतकाच्या आरंभी. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं, एमएस-सीआयटी नावाचा अभ्यासक्रम गावोगाव पोचला, आणि सरकारी नोकरीत असलेल्यांनीही तो पास व्हावा असा फतवा निघाला. मग काय, पन्नाशीचे गुरुजी, तलाठी आणि कारकून आपल्याच विद्यार्थ्यांच्या शेजारी बाकावर बसले. ज्यांनी आयुष्यभर पोरांना 'हात पुढं कर' म्हटलं, त्यांना पोरं सांगू लागली, "गुर्जी, हात माउसवर ठेवा. तसा न्हाई. उचलू नका त्याला." त्या लोकांनी जे शिकून घेतलं ते घाम गाळून शिकून घेतलं. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढं तिचं काम आहे.

तेव्हा पडद्यावर होती विंडोज एक्सपी. २५ ऑक्टोबर २००१ ला ती आली. बटण हिरवं, पट्टी निळी, सगळं गुबगुबीत. जाणकारांनी तेव्हा नाकं मुरडली होती की हे काय लहान मुलाचं खेळणं! आणि मागं तो प्रसिद्ध देखावा: हिरवीगार टेकडी, वर निळं आकाश, चार पांढरे ढग. चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकारानं तो १९९६ साली कॅलिफोर्नियात टिपला होता. आमच्या माण तालुक्याचा पाऊस ज्यांना माहीत आहे, त्यांना सांगायला नको की एवढं हिरवं एकरकमी आम्ही फक्त पतपेढीच्या पडद्यावर पाहत होतो. उन्हाळ्यात तर कर्जाचं काम नसलं तरी माणसं काउंटरवर टेकून पडदा बघत उभी राहायची. "साहेब, ह्ये रान कुणाचं?" अशी चौकशी झालेली मी स्वतः ऐकली आहे. खरी गोष्ट अशी, की त्या टेकडीवर आधी द्राक्षबागा होत्या, कीड लागल्यामुळं त्या काढून टाकाव्या लागल्या आणि म्हणून तिथं गवत होतं. हे शेजारच्या तासगावातल्या एखाद्या बागायतदाराला सांगितलं असतं, तर त्यानं तो देखावा दोन मिनिटं उभं राहून शांततेत पाहिला असता.

एक्सपीला लोक इतके चिकटले की कंपनीला तिला अक्षरशः ढकलून बाहेर काढावं लागलं. ८ एप्रिल २०१४ ला तिचा आधार थांबवला, तरी ती पुढं कितीतरी वर्षं खेडोपाडीच्या कपाटाआड चालूच होती. मधे व्हिस्टा येऊन गेली; तिच्याबद्दल न बोलणं हीच तिची समीक्षा. २००९ साली विंडोज ७ आली आणि लोकांनी हुश्श केलं. डबे थोडे चकचकीत झाले होते, पण मीठ मिठाच्या जागी होतं.

आणि मग आलं २०१२ साल.

आमच्याकडं ते दुष्काळाचं वर्ष. नदीत वाळू, तलावात भेगा, जनावरं चारा छावणीत आणि माणसं टँकरच्या वाटेवर. त्याच साली, २६ ऑक्टोबरला विंडोज ८ अवतरली आणि कोपऱ्यातलं बटणही आटलं. नाहीसंच झालं. जिथं गेली सतरा वर्षं सुरुवात होती, तिथं मोकळी जागा. कॉम्प्युटर लावला की पडदाभर रंगीबेरंगी चौकोनी ठोकळे, जणू फरशीच्या दुकानातलं नमुन्याचं कपाट.

कारण काय? बोटानं सरकवायचे फोन आणि टॅब्लेट लोकांना आवडू लागले होते, तेव्हा टेबलावरच्या कॉम्प्युटरनंही तसंच दिसावं असं ठरलं. शेजाऱ्यानं मोटारसायकल घेतली म्हणून आपल्या बैलगाडीला किक बसवावी, असा हा विचार. माझ्या माहितीतल्या एका निवृत्त मास्तरांनी तो पडदा पाच मिनिटं न्याहाळला आणि विचारलं, "यात कॉम्प्युटर कुठाय?" एवढी अचूक समीक्षा मोठमोठ्या नियतकालिकांनाही साधली नसेल.

कॉम्प्युटर बंद करणं हे तर व्रत होऊन बसलं. माउस उजव्या कोपऱ्यात न्यायचा आणि श्रद्धेनं थांबायचं. मग भिंतीतून भूत निघावं तशी एक पट्टी निघायची. तिच्यात सेटिंग्ज, त्यात पॉवर, त्यात शेवटी शटडाउन. 'येतो' म्हणायला एवढे सोपस्कार? लोकांनी आपल्यापुरता मार्ग काढला. भिंतीवरचं बटण खट्ट!

बटण काढण्याच्या समर्थनार्थ कंपनीनं एक हिशोब मांडला होता. लोकांच्या कॉम्प्युटरवरून (ज्यांनी मोजू दिलं त्यांच्याच) मोजदाद केली, तेव्हा दिसलं की स्टार्टच्या यादीचा वापर कमी होत चालला आहे. आकडा खोटा नसेल. पण आकड्यावरून काढलेला अर्थ? घरात ओसरीवर आजी बसलेली असते. दिवसातून तिला हाक किती वेळा मारतो याची मोजणी केली तर दोनदा भरेल. एकदा सकाळी, "आजी, येतो गं" आणि एकदा संध्याकाळी, "आजी, आलो गं." वापर कमी आहे म्हणून ओसरी रिकामी करून पाहा! घराला घरपण तिच्यामुळं होतं, हे मोजणीत येत नाही. ते बटण तसंच होतं. काही सुचेनासं झालं, पडद्यावर वाट चुकली, की हात तिकडं जायचा. वाट चुकलेल्याला देवळाचा कळस दिसावा, तसा तो कोपरा होता. कळसाला रोज कुणी हात लावत नाही.

मग जगभर जे झालं ती खरी लोकसमीक्षा. जुनं बटण परत आणून देणारे छोटे छोटे प्रोग्राम निघाले. क्लासिक शेल नावाचा फुकट मिळायचा; स्टार्ट८ नावाच्या एकाला पाच डॉलर पडायचे. नव्या घरात जुना उंबरा बसवून घेण्यासाठी माणसं खिशातून पैसे मोजत होती! नाटक पडल्याचा याहून स्पष्ट पुरावा कुठल्या निर्मात्याला हवा? वर्षभरात, १७ ऑक्टोबर २०१३ ला, ८.१ आली आणि बटण परत आलं. आनंदानं दाबावं, तर पुन्हा तेच ठोकळे. सासूबाईंनी मीठ मागितलं, सुनेनं रिकामी बरणी पुढं केली. मीठ खरोखर परत मिळालं ते २९ जुलै २०१५ ला, विंडोज १० आली तेव्हा.

ही खोड एकाच कंपनीची नाही, हे न्यायासाठी सांगितलं पाहिजे. लिनक्सच्या जगात, जिथं सगळं फुकट आणि लोकांनीच लोकांसाठी केलेलं, तिथंही २०११ साली नोम ३ ही मांडणी आली तेव्हा असाच दंगा झाला. खुद्द लिनक्सचा जनक लायनस टोरवाल्ड्स जाहीरपणे चिडून दुसऱ्या घरी राहायला गेला. ज्यांना जुनं हवं होतं त्यांनी जुन्या नोमचं सामान उचललं आणि 'माते' नावाचं वेगळं बिऱ्हाड थाटलं. हा प्रकार मराठी माणसाला समजावून सांगायला नको. विहीर सामाईक, चूल वेगळी. विंडोजवाल्यांना ही सोय नाही. तिथं सातबारा कंपनीच्या नावावर आहे.

५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आली. या खेपेला बटण काढलं नाही. फक्त कोपऱ्यातून उचलून मधे आणलं. दिसायला देखणी आहे. गोलसर कोपरे, मऊ रंग, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासारखं. रुंद पडद्यावर सगळं डोळ्यांसमोर मधोमध यावं, हा विचारही चुकीचा म्हणता येत नाही. पण कोपऱ्याचं महत्त्व कोपऱ्यातून उठल्यावरच कळतं. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली एक नियम मांडला: लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका हाताला तिथं पोचायला वेळ. आता कोपरा म्हणजे काय? माउस डोळे मिटून तिकडं भिरकावला तरी पडद्याच्या कडेला अडून तिथंच थांबतो. पुढं जायला जागाच नाही. म्हातारा हात, थरथरता हात, चष्मा घरी विसरलेला माणूस, सगळ्यांना तारणारी ती जागा. मधलं बटण मात्र नेम धरून टिपावं लागतं.

बरं, मधे तर मधे, पण एका जागी राहील? नाही. त्या पट्टीवर कामं जशी उघडत जातील, तसतसं ते बटण डावीकडं सरकतं. आमच्याकडं मेंढपाळ कळपाच्या कडेनं चालतो आणि मेंढ्या वाढल्या की तो बाजूला होतो, हे समजतं. पण मेंढपाळ कुठं आहे हे पाहायला आधी मेंढ्या मोजायच्या, हे काही बरोबर नाही.

बटण परत डावीकडं नेता येतं, सोय आहे. मात्र त्यासाठी सेटिंगमध्ये जावं लागतं, आणि सेटिंगमध्ये जायला आधी बटण सापडावं लागतं. शिवाय नवी आली तेव्हा ती पट्टी वर किंवा बाजूला नेणाऱ्यांची वाट बंद केलेली होती. उजव्या क्लिकच्या यादीतली निम्मी कामं 'आणखी पर्याय दाखवा' या पडद्यामागं गेली. म्हणजे सरकारी कचेरीत 'पलीकडच्या खिडकीवर चौकशी करा'. कापा, उतरवा, चिकटवा हे शब्द काढून तिथं नुसती बारीक चित्रं आली. २०२४ च्या सुधारणेत चित्रांखाली शब्द पुन्हा लिहिले. चित्राखाली अक्षर लागतं, हे आमच्या बालवाडीच्या तक्त्यावर 'क कमळातला' करणाऱ्या बाईंना आधीपासून माहीत होतं. विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं.

आता प्रतिक्रियांकडं वळतो. गावातल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बाकावर बसून मी पुष्कळ पाहिल्या आहेत. (तिथला चहा चांगला असतो. पाहा, समीक्षेची सवय जात नाही.) माणसं तीन प्रकारची.

पहिला प्रकार घोषणावाल्यांचा. हे दारातूनच गरजतात, "काय इस्कोट केलाय ह्यो! माजं हुतं तसं करून दे." दुकानातला पोरगा म्हणतो, "आबा, नवं हाय, सवय हुईल." आबा म्हणतात, "सवय मला बायकोची बी झाली, पर तिला चाळीस वर्सं लागली. माज्याकडं तेवढी न्हाईत आता." या लोकांची काळजी करायचं कारण नाही. ते भांडून आपलं करून घेतात.

दुसरा प्रकार उत्साही. यांना नवं म्हणजे चांगलंच. ते जुन्याची आठवण काढणाऱ्याकडं, पाटा-वरवंट्यावर चटणी वाटणाऱ्या बाईकडं मिक्सरवालीनं पाहावं, तसं पाहतात. गंमत अशी की आज एक्सपीसाठी उसासे टाकणारे कितीतरी जण, एक्सपी आली तेव्हा तिला खेळणं म्हणत होते. म्हणून पहिल्या आठवड्यातल्या प्रतिक्रियेवर समीक्षकानं फार भरवसा ठेवू नये, घोषणावाल्यांच्याही आणि उत्साहींच्याही. सहा महिन्यांनी विचारावं: हात आता न बघता जातो का? जात असेल तर मांडणी चांगली. एवढी एकच कसोटी मी मानतो.

तिसरा प्रकार गप्प बसणाऱ्यांचा. आणि हा सगळा खटाटोप मी त्यांच्यासाठी करतो आहे.

एका लहानशा संस्थेत हिशोब लिहिणाऱ्या एक बाई आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या. शिक्षण सातवी. कॉम्प्युटर शिकल्या तेव्हा त्यांनी एक शंभर पानी वही केली. तिच्यात स्वच्छ अक्षरात पायऱ्या: 'खाली डावीकडं कोपऱ्यात बटण. एकदा दाबणे. यादी वर येईल. तिसऱ्या ओळीवर जाणे. घाई करू नये.' प्रत्येक पानावर कोपऱ्यात बटणाचं छोटं चित्र, रंगीत पेन्सिलीनं रंगवलेलं. त्या वहीच्या जोरावर त्यांनी वर्षानुवर्षं हिशोब एका पैशाचीही चूक न करता लिहिला. मग जुनं यंत्र गेलं, नवं आलं, आणि त्याच्याबरोबर नवी मांडणी आली. मी गेलो तेव्हा त्या वही उघडी ठेवून पडद्यापुढं बसल्या होत्या. वहीत होतं ते पडद्यावर नव्हतं. मी म्हटलं, "काय झालं, वहिनी?" त्या हळूच म्हणाल्या, "काय न्हाई वो भाऊजी. माजंच डोस्कं चालंना झालंय आता. वय झालं."

घोषणावाला कंपनीला शिव्या देतो. ही बाई स्वतःला दोष देते. मांडणी बदलली कुणी, आणि मठ्ठ ठरलं कोण! कुठल्याही मोजणीत हे येत नाही, कारण असली माणसं तक्रार लिहीत नाहीत. ती उगीच चष्मा पुसतात, आणि पुढच्या वेळी 'तुम्हीच करा तेवढं' म्हणून खुर्ची दुसऱ्याला देतात. हातानं कमावलेली एक खुर्ची अशी आवाज न होता जाते. नव्या मांडणीवर माझा खरा आक्षेप रंगाबद्दल नाही, ठोकळ्यांबद्दल नाही, हा आहे.

यावर ठरलेलं उत्तर असं येतं, की माणसाला मुळी बदलच आवडत नाही. हे साफ खोटं आहे, आणि ते म्हसवडमध्ये तरी कुणी बोलू नये. याच गावात १९९७ साली चेतना गाला सिन्हा यांनी माणदेशी महिला सहकारी बँक सुरू केली. परवान्यासाठी पहिल्यांदा अर्ज गेला तेव्हा रिझर्व्ह बँकेनं तो नाकारला. का, तर त्यातल्या बायका निरक्षर, सहीच्या जागी अंगठे. बायका परत आल्या, काही महिन्यांत अक्षरं गिरवली आणि पुन्हा जाऊन साहेबांना म्हणाल्या, की व्याज आम्ही तोंडी काढून दाखवतो, तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. परवाना मिळाला. आता ज्यांनी चाळिशीत अक्षर शिकून घेतलं, त्यांना बदल आवडत नाही असं सांगायला जाणाऱ्यानं परतीच्या एसटीचं तिकीट आधीच काढून ठेवावं.

आणि संबंध देशानं एकदा याहून मोठी मांडणी बदलून दाखवली आहे. १ एप्रिल १९५७ ला सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. आण्याचे सव्वासहा पैसे. हा पाव पैसा कुणी सोसायचा यावरून दुकानादुकानात वाद झाले. पण सरकारनं एक शहाणपण केलं. जुनी नाणी दुसऱ्या दिवशी नाल्यात फेकायला लावली नाहीत. काही वर्षं आणा आणि पैसा एकाच गल्ल्यात नांदले. ज्याला जे समजेल त्यानं त्यात मोजावं. हळूहळू आणे आपोआप आटले, आणि बोलण्यात तर चाराणे-आठाणे पुढं पन्नास वर्षं खणखणत राहिले. कुणाचा अपमान झाला नाही.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसला 'वीस एक' म्हणायची पद्धत आली, तेव्हाचा गदारोळ आठवत असेल. थेट विधिमंडळापर्यंत गेला. समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं: जोडाक्षरांचे अवघड शब्द लहान मुलांना अडवतात, आणि जुने शब्द काही काढून टाकलेले नाहीत. आपण गदारोळात पहिला अर्धा भाग ऐकला, दुसरा ऐकलाच नाही. माझ्या मते अख्खं शहाणपण त्या दुसऱ्या भागात होतं. नवं द्या, पण जुनं शेजारी राहू द्या.

तेव्हा समीक्षकाचा अभिप्राय असा. मांडणी बदलू नका असं मी म्हणत नाही. घराला रंग द्यावा लागतो, रस्ते रुंद करावे लागतात. आमच्या सिद्धनाथाच्या रथालाही नवे दोर लागतात. पण दोर कुठं धरायचा हे देवदिवाळीला जमलेल्या हजारोंना कुणी नव्यानं शिकवत नाही. 'चांगभलं' म्हटलं की हात जागेवर जातात. बदलणाऱ्यानं एवढंच पाहावं, की या वस्तूवर कितीजणांचे हात बसलेले आहेत. वरचं सगळं बदला. हात जिथं बसला आहे ती एक जागा राखा. ते जमत नसेल, तर पहिल्याच दिवशी, पहिल्याच पडद्यावर, मोठ्या अक्षरात विचारा: 'जुनं हवं की नवं?' आणि मग उत्तर ऐका. १९९५ साली नवख्या माणसांपुढं उभं राहून पाहिलं होतं, तसं आता एकदा आमच्याकडं येऊन पन्नाशीच्या बाईमागं उभं राहून पाहा. चहा आम्ही देऊ.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही आधार थांबला. जुन्या मांडणीचे उरलेसुरले रहिवासीही आता सामान बांधू लागले आहेत. त्या बाईंनी परवा नवी वही आणली. पहिल्या पानावर बटणाचं चित्र काढलं, पट्टीच्या बरोबर मध्यभागी, नीट रंगवून. पायऱ्याही तशाच स्वच्छ अक्षरात. 'घाई करू नये' हे सुद्धा आहे. फक्त या खेपेला सगळं शिसपेन्सिलीनं लिहिलंय, आणि वहीच्या दोरीला खोडरबर बांधून ठेवलंय.